कामेइदोची बाग आणि पत्रिकेवरचे आकाश

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. गुडघा बरा आहे, रक्तदाब गोळीने आवरतो. इतके दिवस न लिहिण्याचे कारण निव्वळ आळस. आज लिहितो आहे तेही अडलो म्हणून.

वाचनालयात जपानी काष्ठठसा चित्रांतल्या फुलबागांवर माझे व्याख्यान आहे आणि निमंत्रणपत्रिकेवर चित्रकार हिरोशिगेचे कामेइदोच्या प्लमच्या बागेचे चित्र घ्यायचे आहे. कार्यवाहांनी ‘मूळ चित्र’ मागितले. निरनिराळ्या संग्रहांतल्या प्रती पाहिल्या, तर एकीचे आकाश गर्द लाल, दुसरीचे फिकट गुलाबी. १८५७च्या या चित्राचे मूळ म्हणून दाखवायचे तरी काय? हिरोशिगेचे रेखाटन चेरीच्या लाकडी फळीवर चिकटवले गेले आणि कोरण्यातच संपले; आकाशाची उतरती छटा तर छापणाऱ्याने प्रत्येक प्रतीसाठी फळीवर हाताने रंग पुसत साधलेली. छापखान्यात जन्म घालवलेल्या तुला हे सांगणे आगाऊपणाचे आहे, पण इथे कुणाला सांगू? एकाने व्हॅन गॉगची १८८७ची तैलरंगातली नक्कल ‘जास्त ठसठशीत’ म्हणून सुचवली. मी चहा अर्धा टाकून उठलो.

चित्रात अगदी पुढे आलेली ती प्लमची आडवी फांदी, नाटकाला पुढच्या खुर्चीत फेटेवाला बसावा तशी, सगळी बाग झाकते, हे तुझे मत मला अजूनही अमान्य आहे. या झाडाच्या फांद्या जमिनीत शिरून, मुळे धरून पुन्हा वर येत, म्हणून लोक त्याला ‘निजलेला ड्रॅगन’ म्हणत. पाहण्याजोगे तेच होते, म्हणून तर हिरोशिगेने बघ्यांना कुंपणामागे बोटाएवढे केले. त्याच्याच होरिकिरीच्या बागेच्या चित्रातही आयरिसची फुले अशीच अंगावर येतात आणि माणसे मागे चिमुकली होतात. (ते मात्र तुला आवडते, हा न्याय कुठला?) १८५५च्या भूकंपात एडो शहर, म्हणजे आजचे टोकियो, मोडले आणि ही दोन्ही चित्रे ज्या चित्रमालेतली, ती पुढच्याच वर्षी निघू लागली. झाड पुढे १९१०च्या पुरात गेले, त्यामुळे ताडून पाहायचीही सोय नाही.

मुलीचे लग्न ठरल्याचे कळले, फार आनंद झाला. वहिनींना नमस्कार.

माझा कल फिकट आकाशाकडे आहे, पण छापखान्याने शाई वाचवली असेच लोक म्हणतील. दोन्ही प्रती सोबत जोडल्या आहेत. ऑफसेटवर लाल किती चढवावा, ते गुरुवारपूर्वी कळव, आणि फांदीवर पुन्हा व्याख्यान देऊ नकोस.

तुझा,
अनंत