मधल्या वयाच्या माणसांना कुणी विचारतं का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तिशी-चाळिशीतली माणसं समाजासाठी काही करत नाहीत, सगळी मोबाईलमध्ये आणि गाडी-फ्लॅटच्या हप्त्यांत अडकलीत, असं आमच्याकडे सांगलीत कुठल्याही संस्थेच्या मीटिंगला बसलं की ऐकायला मिळतं. मला हे पटत नाही म्हणून लिहितेय.

रक्तदान शिबिरात नोंदणीच्या टेबलावर बसलं की दिसतं ते खरं आहे. फॉर्म भरणारी निम्मी पोरं कॉलेजची आणि टेबलामागं आम्ही पिकल्या केसांचे, मधलं कुणी फारसं नाही. पण याचं कारण शोधायचं तर आधी आपली व्यवस्था बघा ना. कॉलेजात एनएसएस म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना आहे, १९६९ पासून चालू आहे, दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं गावात मुक्कामी शिबिर, पोरं बंधारे बांधतात, रस्ते झाडतात, रात्री पथनाट्य करतात, आणि शेवटच्या वर्षाचा शेवटचा पेपर झाला की संपलं, पोरगा नोकरीला पुण्याला गेला की तिथं त्याला परत बोलवणारं कुणीच नाही. एवढी तयार झालेली माणसं आपण दरवर्षी अक्षरशः सोडून देतो. त्याचा परिणाम बघायचा तर एप्रिल-मे मध्ये ब्लड बँकेत चौकशी करा. कॉलेजांना सुट्टी लागली की शिबिरं कमी होतात आणि दर उन्हाळ्यात तोच रक्ताचा तुटवडा, तीच आवाहनं. आणि रक्त देता येतं १८ ते ६५ या वयात, त्यातही पहिल्यांदाच देणारा साठीच्या पुढचा चालत नाही. म्हणजे 'रिटायर झालो की बघू' असं म्हणणाऱ्याच्या हातात खरं तर फार वेळ नसतो.

आता तिशीतल्या माणसाचा दिवस बघा. सकाळी पोरांची शाळा, मग ऑफिस, संध्याकाळी आईला डॉक्टरकडे न्यायचं. बायकांचं तर विचारूच नका. २०१९ च्या सरकारी टाइम यूज सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो आणि पुरुषांचा ९७ मिनिटं असं आलंय, जवळजवळ पाच तास, नोकरी असली तर ती वेगळीच. आणि आमच्या संस्थांच्या मीटिंगा कधी, तर मंगळवारी सकाळी अकराला किंवा संध्याकाळी पाचला, कारण त्या आम्हा रिटायर लोकांना सोयीच्या. मग कोण येणार सांगा!

तरी ही माणसं करत असतातच, फक्त त्याला कुणी समाजसेवा म्हणत नाही. गणपती मंडळातच बघा, विशीतली पोरं मांडव घालतात, ट्रॉली ओढतात, साठीचे सल्लागार म्हणून खुर्चीत असतात, आणि रात्री नऊ वाजता कामावरून आल्यावर पावती पुस्तक घेऊन वर्गणीला फिरणारा, हिशोब ठेवणारा, पोलीस परवानगीसाठी हेलपाटे घालणारा हा पस्तिशी-चाळिशीचाच असतो.

आणि २०१९ चा महापूर आठवा. ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा वय बघून कुणी आलं नव्हतं. पाणी उतरल्यावर दुकानादुकानातला चिखल काढायला बँकेतले, एमआयडीसीतले, शिक्षक, सगळे उतरले होते, ज्यांना उतरता येत नव्हतं त्या बायका घरात भाकऱ्या थापून पिशव्या भरून देत होत्या. कारण काम समोर दिसत होतं, कुठं यायचं किती वाजता यायचं हे सांगितलेलं होतं आणि कायमचा सभासद हो असं कुणी म्हणत नव्हतं. नंतर मदतीच्या त्याच व्हॉट्सअॅप ग्रुपवर गुड मॉर्निंग सुरू झालं. त्या माणसांना पुढचं काम कुणी दिलंच नाही.

रिटायर लोकांबद्दलही एक सांगते, कारण सगळी भिस्त आमच्यावर आहे. पहिलं वर्ष उत्साह असतो. मग मुलीचं बाळंतपण, नातू सांभाळायला सहा महिने पुणे नाहीतर अमेरिका, नंतर गुडघे. बाई नोकरीतून रिटायर होते, घरातून नाही. तेव्हा आम्ही मोकळेच आहोत असं धरून कुणी संस्था चालवू नये.

माझं म्हणणं एवढंच की काम दोन तासांचं करा, रविवारी सकाळी सातला ठेवा, पोरांना सोबत आणू द्या, आणि ज्याला येणं जमत नाही त्याला घरून फोन करायचं, हिशोब लिहायचं काम द्या. कॉलेजांनी शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारून, ज्यांची तयारी असेल त्यांचे नंबर ती जिथं जाणार त्या शहरातल्या ब्लड बँकेला द्यावेत.

आणि संपादक साहेब, एक विनंती तुम्हालाही. तुमच्या पेपरात शिबिरांच्या बातम्या येतात त्यात उद्घाटक, प्रमुख पाहुणे, उपस्थित मान्यवर सगळ्यांची नावं असतात. त्यापेक्षा शिबिर व्हायच्या आधी किती माणसं हवीत, कुठल्या कामाला आणि किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, एवढ्या दोन ओळी छापा.

आपली एक वाचक,
सांगली