बुडवलेले पैसे घेऊन आलेल्या काकांना

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "जाऊ द्या हो" म्हणून पावसापाण्याचं काढता. म्हणून चारचौघांत लिहितोय. नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

अण्णांची बाग त्या वर्षी झकास आली होती. तुम्ही सौदा केलात, इसार दिलात, गाड्या भरल्यात आणि बाकीच्या पैशांचं "पुढच्या आठवड्यात" म्हणता म्हणता फोन उचलणंच सोडलंत. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात हे नवं नाही. हंगाम संपला की कुणी ना कुणी व्यापारी गाशा गुंडाळतोच. सोसायटीचं कर्ज थकलं, बहिणीचं लग्न लांबलं. अण्णा गेले तेव्हा तुमची चिठ्ठी त्यांच्या पेटीत सातबाऱ्याखाली होती.

आणि मग एक दिवस तुम्ही ओट्यावर हजर. खुर्ची दिली तरी खालीच बसलात. वहीचं पान आईपुढे सरकवलंत. अण्णांच्या नावापुढे बाकी, आणि त्याखाली वेगळ्या शाईत कडत्याचे किलो. काट्यावर मारलेले ते किलो आम्हाला ठाऊकही नव्हते! "वहिनी, जक्कयानं चौपट दिलं होतं. माझ्याच्यानं तेवढं होणार नाही. बाकी आणि कडता, दोन्ही हप्त्यानं देतो."

जक्कय कोण, हे आईला कुठलं माहीत? तुम्हीच सांगितलंत: यरीहोचा मुख्य जकातदार, लोकांना लुबाडून गब्बर झालेला, येशूला बघायला उंबरावर चढलेला. आईनं विचारलं, "पैसे दिल्यावर देव पावला का त्याला?" तुम्ही म्हणालात, "नाही वहिनी. देव आधी घरी आला, पैसे नंतर निघाले." मी नंतर बायबलमधला लूकचा 19 वा अध्याय काढून वाचला. क्रम तोच आहे. त्याच बायबलात पुढे पौल म्हणतो तारण, म्हणजे उद्धार, कर्मांनी मिळत नाही, याकोब म्हणतो क्रियांविना विश्वास निर्जीव. या दोघांचं जमत नसावं असं वाटायचं. तुमची वही पाहिल्यावर तसं वाटेना.

पारावर मात्र चर्चा, की "बाटला, पैसे मिळाले असतील." मिळाले कुठले! हप्ते फेडायला तुम्ही गाळा विकलात, घरात पोरानं अबोला धरला. आईचं माहेर जलालपूरकडचं, त्यामुळे लक्ष्मीबाई टिळक तिला गावच्याच वाटतात. त्यांचे यजमान नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा कर्मठ लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. काही वर्षांनी त्या स्वतः विचार करून ख्रिस्ती झाल्या, आणि दुष्काळात उघड्यावर पडलेली पोरं त्यांनी पदराखाली घेतली. पारावरच्यांना आई तेच ऐकवते: "त्या बाईला कुणी पैसे दिले होते का रे?"

तुमचा राग अजून गेलेला नाही, हेही लिहितो. मार्केट यार्डात एका हमालावर खेकसताना मी पाहिलंय. पण दुपारी त्यालाच शोधत गेलात आणि बाकीच्या हमालांदेखत "चुकलं माझं" म्हणालात. तो बिचारा गोंधळला, हातातला चहा तसाच धरून उभा राहिला. खरं सांगू, पैशांपेक्षा मला हे जास्त पटलं. बाकी फेडली की संपते. हे तुम्हाला उद्याही करावं लागणार आहे.

आम्ही माळकरी. तुम्ही कधी "चर्चला या" म्हणाला नाहीत. नाताळात आईच हट्टानं शरणपूरला, तुमच्या चर्चला आली आणि केक खाऊन वर दोन तुकडे पदरात बांधून निघाली.

शेवटचा हप्ता पोचला. सोसायटीचा बोजा उताऱ्यावरून उतरला, बहिणीचं लग्नही उरकलं. अक्षता टाकायला तुम्ही होतातच. मनापासून आभार, काका.

यंदा छाटणी वेळेवर झालीय, माल फेब्रुवारीत निघेल. सौदा तुमच्याशीच करायचा, असं आईनं ठरवलंय. भाव मात्र ती स्वतः बोलणार आहे, तयारीनं या.

तुमचा,
अण्णांचा धाकटा