कूलर चालतो, तिथं ही बाटली चालत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हवेतून पिण्याचं पाणी काढणाऱ्या बाटल्यांच्या जाहिराती हल्ली मोबाइलवर सारख्या येतात. आमच्या भाच्यानं शेतावर न्यायला एक मागवायचं ठरवलंही होतं. ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, तिथं अशा मालाला गिऱ्हाईक मिळणारच. पण मी आयुष्यभर यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारा, होतो. सोलापूरच्या हवेत ओल किती, हे मला सूतच सांगायचं. एप्रिल-मेमध्ये धागा सारखा तुटायला लागला की आम्ही फरशीवर पाणी मारायचो. ज्या हवेला पदरचं पाणी पाजावं लागतं, तिच्याकडंच आता पाणी मागायचं!

कूलरचंही तेच. इथं तो खोली गार करतो आणि मुंबईत नुसता चिकचिकाट, कारण आपली कोरडी हवा त्याचं पाणी भराभर पिऊन टाकते. म्हणून जिथं कूलर झकास चालतो, तिथं ही बाटली चालणं अवघड.

आता थोडा हिशेब, आधी हवा गार करून पाणी काढणाऱ्या मोठ्या यंत्राचा. मेच्या दुपारी पारा ४० अंशांवर आणि आर्द्रता २० टक्के धरली, तर एक घनमीटर हवेत साधारण १० ग्रॅम वाफ असते. म्हणजे अगदीच काही नाही असं नाही. पण त्या वाफेचा पहिला थेंब पडायला हवा १२-१३ अंशांपर्यंत गार करावी लागते. मुंबईत ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर २६ अंशांनाच दव धरतं. तिथं ४ अंश उतरायचं, इथं २७-२८. आपली बरीचशी वीज नुसती हवा गार करण्यातच जाते, पाणी नंतर. ७ अंशांपर्यंत गार केली तरी तिसरा हिस्सा वाफ हाती लागते. म्हणजे एक लिटर पाण्यासाठी दहा बाय दहाच्या दहा खोल्यांतली हवा आणि एक युनिटहून जास्त वीज. वीस लिटरचा जार आमच्या गल्लीत तीस रुपयांना घरपोच येतो. तेवढं पाणी या यंत्रातून काढायचं तर विजेचंच बिल दीड-दोनशेच्या घरात जाईल.

हे झालं मोठ्या यंत्राचं. बाटलीवरची सौरपट्टी तळहाताएवढी, भर उन्हात ती ४ वॉट देईल. वाफेचं पाणी करताना जेवढी उष्णता काढावी लागते ते पाहता, सगळं अगदी मनासारखं झालं तरी तासाला ६ मिलिलिटर, म्हणजे चमचाभर. तेवढ्या वेळात शेतात उभ्या माणसाचा घामच त्याच्या कितीतरी पट जातो.

शास्त्र खोटं आहे असं माझं म्हणणं नाही. कोरड्या हवेतूनही वाफ शोषून घेणाऱ्या सच्छिद्र पदार्थांवर काम करणारे ओमर याघी यांना २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. रात्री ओल धरायची आणि दिवसा उन्हानं सोडायची, ही युक्ती आपल्याकडं पुढंमागं उपयोगी पडेलही. मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर हवेतून पाणी काढणारी यंत्रं बसलीच आहेत. पण तिथं समुद्र शेजारी आहे.

या यंत्रांच्या जाहिरातीत रोजच्या लिटरचा जो आकडा असतो, तो बहुधा ३० अंश आणि ८० टक्क्यांचा. सोलापुरात विकणाऱ्यानं मेमधल्या दुपारी तीनचा आकडा छापावा. उद्या कुणी सार्वजनिक निधीतून अशी यंत्रं बसवू म्हणालं, तर आपल्या बातमीदारानंही पहिला प्रश्न हाच विचारावा, ही विनंती.

भाच्याला मी फ्रिजमधला तांब्या दुपारी अंगणात ठेवायला लावला. बाहेरून पुसटसा धुरकटला आणि कोरडा झाला. बाटली रद्द झाली. त्या पैशात पत्र्याला पन्हळ बसवायचं ठरलंय. आपल्याकडं वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पाचशे चौरस फुटांच्या छपरावरून, थोडं वाया गेलं तरी, वीस हजार लिटर पाणी येतं. फक्त टाकी कुठं ठेवायची, यावरून घरात अजून वाद चालू आहे.

आपला,
एक निवृत्त जॉबर
अशोक चौक, सोलापूर