दिवेलागणीला सुरू होणारा दिवस

प्राग, २७ मे
रात्रीचे साडेअकरा

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

आम्ही सुखरूप पोचलो हे फोनवर कळवलंच. पण जे सांगायचं होतं ते राहून गेलं, म्हणून हॉटेलातल्या कागदावर लिहायला बसलेय. अमेय पडल्या पडल्या झोपला.

आई, आधी तुझे प्रश्न. जेवलो. इथे तळलेलं चीज आणि उकडलेले बटाटे मिळतात, मांस टाळणाऱ्याचं त्यावर भागतं. थंडी आहे, पण तू दिलेला स्वेटर पुरला. आमची एक बॅग मात्र विमानासोबत आली नाही, उद्या मिळेल म्हणालेत. काळजी करू नकोस, बाबांसाठी घेतलेली औषधांची यादी आणि पासपोर्ट माझ्या पर्समध्येच होते.

बॅगेच्या घोळात सात वाजले. अमेय म्हणाला, आज आराम करू. मला राहवेना. मे अखेरीस इथे सूर्य जवळजवळ नऊला मावळतो, म्हणजे दीड-दोन तास उजेड हाताशी होता. तसेच अंगावरच्या कपड्यांनिशी निघालो. सगळे रस्ते दगडी, छोट्या चौकोनी दगडांचे. आई, तुझ्या गुडघ्यांचा विचार प्रत्येक वळणावर येत होता.

जुन्या शहराच्या चौकात टाउन हॉलपाशी जमिनीत पांढऱ्या दगडांचे २७ क्रूस बसवलेत. २१ जून १६२१ ला राजाविरुद्ध उठलेल्या २७ जणांना तिथे मारलं होतं. लोक त्यांच्यावरून आइस्क्रीम खात जात होते. मला पाय ठेववेना, कडेकडेनं गेले.

आणि बाबा, त्याच टाउन हॉलच्या भिंतीवर ते घड्याळ आहे. १४१० सालचं. मी शाळेत असताना तुम्ही मला एका मासिकातला त्याचा फोटो दाखवला होता, आठवतं? फोटोत मला ती नुसती रंगीत तबकडी वाटली होती. आज खाली उभी राहून पाऊण तास बघत होते.

तबकडीच्या मधोमध पृथ्वी आहे, कारण तेव्हा सगळे तसंच मानायचे. काट्यावर सोनेरी सूर्य, दुसऱ्या काट्यावर चंद्र, अर्धा रुपेरी अर्धा काळा, जशी तिथी असेल तसा फिरत जाणारा. शिवाय राशींचं एक चाक. सूर्य मिथुनेत दिसत होता. तुमच्या पंचांगात तो अजून वृषभेत असेल, कारण ह्यांचं सायन, म्हणजे ऋतूंवरून मोजलेलं, आणि आपलं निरयन, ताऱ्यांवरून मोजलेलं. मी अमेयला हे समजावलं तेव्हा तुमचाच आवाज माझ्या तोंडून येतोय असं वाटलं.

आता खास तुमच्यासाठी. आत तीन मोठी चाकं आहेत, एकाच आसावर. राशींच्या चाकाला ३६५ दाते, सूर्याच्या ३६६, चंद्राच्या ३७९. तिन्हींना २४ दात्यांच्या सारख्याच चकत्या फिरवतात. एका दात्याच्या फरकानं राशींचं चाक रोज चार मिनिटं पुढे सरकतं, आणि तेरा दाते जास्त म्हणून चंद्र रोज जवळपास एक्कावन्न मिनिटं मागे पडतो. आकाशात तो तितकाच मागे पडतो! मी कागदावर भागाकार करून पाहिला. सहाशे वर्षांपूर्वी कुणीतरी कानशीनं हे दाते घासले असतील. चौकाच्या पलीकडच्या चर्चमध्ये खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहेची कबर आहे, आणि त्याच्या नोंदींवरून केप्लरनं ग्रहांच्या कक्षा ह्याच गावात राहून मांडल्या. पृथ्वी मध्यातून गेली, पण घड्याळ वेळ बरोबर दाखवत राहिलं.

आई, तुझ्यासाठीही त्यात एक गोष्ट आहे. सगळ्यांत बाहेरच्या काळ्या कड्यावर सोनेरी अंक आहेत, १ ते २४. तो जुना बोहेमियन, म्हणजे इथला, हिशोब. त्यात दिवस मध्यरात्री बदलत नाही, सूर्य मावळला की चोवीस वाजतात आणि नवा दिवस सुरू होतो. सूर्यास्त रोज बदलतो, म्हणून ते कडंही वर्षभर मागेपुढे सरकत असतं. मी बघत होते तेव्हा सोनेरी सूर्य तबकडीच्या निळ्या भागातून तांबूस भागात उतरला आणि काटा हळूहळू २४ वर आला. त्या वेळी आपल्या घरी तू कधीच दिवा लावून, शुभंकरोति म्हणून, जेवणं उरकून झोपली असशील. तरी मला उदबत्तीचा वास आल्यासारखा झाला. इतकी वर्षं तू दिवेलागणीला म्हणायचीस, ‘आता झाडू नको, भांडू नको, दाराशी चांगलं बोल.’ ज्या गावाचा दिवसच दिवेलागणीला सुरू व्हायचा, तिथे तुझं म्हणणं लगेच पटलं असतं.

नऊ वाजले तसा घड्याळाशेजारचा सांगाड्याचा पुतळा मान हलवून दोरी ओढायला लागला, घंटा किणकिणली, वरच्या दोन खिडक्यांतून येशूचे बारा शिष्य एकेक करून गेले, शेवटी कोंबडा आरवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र रडू आलं, आणि त्याचं कारण सांगायलाच हे पत्र आहे.

हे घड्याळ कितीदा तरी बंद पडलंय. अठराव्या शतकाच्या अखेरीस तर ते भंगारात काढायच्या गोष्टी चालल्या होत्या. मे १९४५ मध्ये, लढाई संपता संपता, टाउन हॉलला आग लागली, लाकडी शिष्य जळून गेले, यंत्र निकामी झालं. तीन वर्षांनी, १९४८ मध्ये, ते पुन्हा चालू झालं. कुणीतरी वाकडे झालेले भाग एकेक करून सरळ केले असणार. ते वाचताना डोळ्यांसमोर तुम्ही आलात, २०१९ च्या ऑगस्टमधले. सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर, गणपती पेठेतलं दुकान शटरपर्यंत बुडालेलं. पाणी उतरल्यावर तुम्ही चिखलातून लोकांची घड्याळं वेचलीत, ओसरीवर परातीत पेट्रोल घेऊन, डोळ्याला आयग्लास लावून महिनाभर एकेक चाक धूत होतात. आणि मी पुण्याहून येऊन म्हणाले, ‘बाबा, आता पुरे. चावीचं घड्याळ आणतंय कोण?’ तुम्ही काही बोलला नाहीत. दिवाळीनंतर दुकान दिलंत. तेव्हा मला वाटलं मी तुमचा त्रास वाचवला. बाबा, मी चुकले. मला माफ करा.

तिथून नदीवर गेलो. चार्ल्स पूल ५१६ मीटर लांब, १३५७ मध्ये पायाभरणी. ती ज्योतिषाकडून मुहूर्त काढून ९ जुलैला पहाटे ५ वाजून ३१ मिनिटांनी केली म्हणतात. १८९० च्या पुरात त्याच्या कमानी कोसळल्या होत्या, परत बांधल्या. पुलावर एका संताचा पुतळा आहे, नेपोमुकचा जॉन, त्याला ह्याच नदीत टाकून मारलं होतं. खालचा ब्राँझचा भाग लोकांच्या हातांनी घासून सोन्यासारखा लखलखतोय. मीही हात लावला आणि आई, नकळत तो हात कपाळाला लावला. मागे किल्ल्यावर दिवे लागले होते, पाण्यात त्यांची लांबच लांब पिवळी पट्टी. अमेयनं फोटो काढले, ते तो पाठवेल.

परवा आई म्हणाली, घराला रंग काढायचाय, म्हणून माळ्यावरची बाबांच्या हत्यारांची लोखंडी पेटी भंगारवाल्याला द्यायचं चाललंय. ती मी येईपर्यंत देऊ नका. आम्ही १२ जूनला सांगलीला येतोय. अमेयच्या आजोबांचं टोल्यांचं घड्याळ कित्येक वर्षं पाच वाजून वीस मिनिटांवर थांबलंय, ते सोबत आणते. चिमटे गंजले असतील तर पुण्यातून नवे घेऊन येते, कुठल्या नंबरचे ते तेवढं कळवा.

तुमची,
मनू