रँड लक्षात राहिला, सँडहर्स्ट विसरलो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सँडहर्स्ट रोड स्टेशनचं नाव डोंगरी करायचा ठराव २०२४ मध्ये विधिमंडळात झाला, तेव्हापासून जी बातमी येते तिच्यात "ब्रिटिश गव्हर्नरच्या नावाचं स्टेशन" एवढंच असतं आणि पुढे पूर्णविराम. वर हार्बर, खाली मेन लाइन, रोज हजारो लोक तो जिना चढतात उतरतात पण हा बाबा नक्की कोण हे कोणी सांगतच नाही. नाव बदलायला माझी काहीच हरकत नाही, पाटी काढा खुशाल, फक्त काढण्याआधी माणूस तरी कळू द्या.

विल्यम मॅन्सफिल्ड, लॉर्ड सँडहर्स्ट. बाप हिंदुस्थानचा सरसेनापती, त्याच्यामागे १८७६ ला पदवी ह्याच्याकडे आली. पक्ष लिबरल, १८८० पासून व्हिक्टोरिया राणीच्या दरबारात मानकरी, मग लंडनला युद्धखात्यात उपमंत्री आणि १८९५ ला डायरेक्ट मुंबईचा गव्हर्नर. (ह्याची आई मात्र जबरदस्त बाई, १८८९ ला लंडन काउंटी कौन्सिलवर निवडून आली तर कोर्टाने केवळ बाई आहे म्हणून निवड रद्द केली, तिच्यावरही कधीतरी छापा.)

आता मुद्दा. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत डॉ. व्हिएगस यांना प्लेग सापडला, पुढच्या वर्षी तो पुण्यात पसरला आणि तिथे प्लेग कमिटीवर रँड आला. सोल्जर घरात घुसले, सामान रस्त्यावर, बायामाणसांची तपासणी, घरच्यांना उचलून छावणीत, हे आपण शाळेपासून वाचत आलोय आणि शिव्या घालतो त्या रँडला. अहो पण रँडला तिथे बसवला कोणी? मुंबई सरकारने, आणि मुंबई सरकार म्हणजे सँडहर्स्ट. २२ जून १८९७ ला पुण्यात गणेशखिंडीत चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या, मग टिळकांनी केसरीत सरकारचं डोकं ठिकाणावर आहे का म्हणून विचारलं ते सरकारही ह्याचंच, राजद्रोहाचा खटला भरून टिळकांना १८ महिने आत टाकलं ते ह्याच्याच कारकिर्दीत, पुण्याच्या नातू बंधूंना खटल्याशिवाय हद्दपार केलं तेही. गोखल्यांनी इंग्लंडात सोल्जरांवर आरोप केले आणि परत आल्यावर पुरावा देता येईना तेव्हा माफी मागायला लागली, ती मागितली ह्याच गव्हर्नरकडे. म्हणजे ९७ सालात जिथे बघावं तिथे हा माणूस आहे आणि तरी आपल्या गोष्टीत तो दिसतच नाही.

एकदम राक्षस होता असं मी म्हणत नाही. हाफकिनच्या प्लेगच्या लसीच्या लॅबला परळचा जुना गव्हर्नमेंट हाउस १८९९ ला ह्याच्याच वेळी मिळाला, आणि मुंबईत रुंद रस्ते काढणारा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट १८९८ चा, सँडहर्स्ट रोड त्यांनीच बांधला. पण माझ्या मते हा मुळातला दरबारी, फाइलीवर सही करणारा, रस्त्यावर काय चाललंय ते खालच्याने निस्तरावं असं मानणारा.

पुढचं तर अजून भारी आहे. रँड मेला, चापेकर फासावर गेले आणि साहेब १९०० मध्ये आरामात घरी गेले. १९१२ ला राजाच्या महालात लॉर्ड चेंबरलेन झाले, म्हणजे राजघराण्याच्या समारंभांचं बघायचं आणि शिवाय इंग्लंडात कुठलंही नवीन नाटक लावायचं तर त्याच ऑफिसचं लायसन्स लागायचं (ही पद्धत १९६८ पर्यंत होती, तेव्हा सेन्सॉर फक्त आपल्याकडेच असं समजू नका). म्हणजे पुण्यात केसरी आणि लंडनात नाटकं, कोणी काय बोलावं हे ठरवण्याचं काम काही सुटलं नाही. १९१७ ला व्हायकाउंट (म्हणजे आधीच्यापेक्षा वरची सरदारकी) केलं, १९२१ ला वारले, मूलबाळ नव्हतं त्यामुळे व्हायकाउंटपद तिथेच संपलं.

तर विनंती एवढीच, दरवर्षी २२ जूनला आपण रँडवर लेख छापता, यंदा त्याच पानावर ह्या साहेबांचाही फोटो छापा.

आपला एक वाचक, मुंबई