घ्यायलाच हवा का घेतला तर बरं

प्रिय मित्रा,

तुझा परवाचा मेसेज वाचला, नवीन टीममधे मॅन्युअल लिहिणारे सहा रायटर, सहा जणांच्या लिहिण्याच्या सहा तऱ्हा आणि रिव्ह्यूला बसलं की रोज तीच वादावादी. वाचून जीव तुटला रे, आमच्याकडे पण वर्षभर हेच चालू होतं.

आमचं चुकलं कुठे सांगतो. आम्ही सगळ्याच गोष्टींवर मीटिंग घ्यायचो. यादीत शेवटच्या 'अँड'च्या आधी कॉमा द्यायचा का नाही यावर पाऊण तास, मग ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं, आणि ठरलेलं कुठे लिहून ठेवलेलंच नसायचं, त्यामुळे नवीन माणूस आला की परत पहिल्यापासून. एकदा तर एकाने चांगल्या मनाने फाइंड-रिप्लेस मारून सगळीकडे 'मे'चं 'कॅन' केलं, रिलीज नोट्समधला मे महिना पण 'कॅन' झाला आणि तसाच कस्टमरकडे गेला. बिचाऱ्याला रात्रभर झोप नाही.

पण डोळे उघडले बॅकअपच्या वाक्याने. अपग्रेडच्या गाइडमधे होतं, आधी यू शुड टेक अ बॅकअप. लिहिणाऱ्याच्या मनात, घ्यायलाच पाहिजे. कस्टमरच्या ॲडमिनने वाचलं, घेतला तर बरं. नाही घेतला, अपग्रेड मधेच अडकलं आणि दोन दिवसांचा डेटा गेला. तो माणूस फोनवर ओरडला नाही, एवढंच म्हणाला की घ्यायलाच हवा होता तर तसं का नाही लिहिलंत? ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही. इंटरनेटची स्टँडर्ड्स लिहिणाऱ्यांनी १९९७ सालीच आरएफसी २११९ नावाच्या दस्तऐवजात हे शब्द बांधून दिलेत, मस्ट म्हणजे सक्ती, शुड म्हणजे सबळ कारण असेल तर परिणामांचा विचार करून सोडता येतं, मे म्हणजे तुमची मर्जी. आणि आम्ही कॉमावर भांडत होतो.

आता आम्ही बाहेरची एकच स्टाइल गाइड, म्हणजे कसं लिहायचं त्याची नियमावली, धरलीये, मायक्रोसॉफ्टची. गूगलची पण चालेल, दोन्ही ऑनलाइन फुकट आहेत. त्यात जे आहे त्यावर चर्चा नाही. मला त्यातलं सगळं पटतं असं नाही, पण शाळेत महामंडळाचे शुद्धलेखनाचे १८ नियम पटो न पटो पाळलेच की आपण. त्यात नसेल तेवढंच आमच्या शीटमधे: काय ठरलं, का ठरलं, तारीख, एक उदाहरण. 'का'चा रकाना रिकामा ठेवू नकोस, सगळा जीव त्यात आहे. मागे नवीन मुलीने विचारलं, क्लायंट न लिहिता कस्टमरच का? शीटमधे होतं, आपल्या प्रॉडक्टमधे क्लायंट म्हणजे सर्व्हरला जोडणारं सॉफ्टवेअर, माणसाला तोच शब्द वापरला तर वाचणारा गोंधळतो. दोन मिनिटांत विषय संपला.

मतदान करू नका, आम्ही करून बघितलं, हरलेले मनातून कधीच मानत नाहीत. आठवडाभर सगळ्यांनी बोलायचं आणि मग एकाच माणसाने ठरवायचं, आमच्याकडे सिनियर ताई ठरवतात. त्यानंतर सहा महिने तो विषय उघडायचा नाही, युजर खरंच अडला असं दिसलं तरच.

तुमच्या मॅन्युअलमधला वॉर्निंगचा भाग मला पाठव. रविवारी बसून त्यातले सगळे शुड शोधून काढतो, मग फोनवर एकेक बघू.

तुझाच,
मी