नळ नुसता गळतोय तोवर

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

परवा बाबा फोनवर म्हणाले, "झालं गेलं, आता तो विषय नको." म्हणून तेव्हा गप्प बसले. पण ती रात्र काही केल्या डोळ्यांसमोरून हलत नाही. बेसिनखालचा पाइप निखळलेला, बाबा ओल्या फरशीवर गुडघे टेकून टॉवेल दाबून बसलेले, आई एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात फोन धरून उभी, आणि मी एवढ्या लांबून मोबाइलवर प्लंबर शोधतेय. पाण्याचा मेन व्हॉल्व्ह कुठे आहे, हे आपल्या तिघांपैकी एकालाही सांगता आलं नाही. जो माणूस शेवटी आला त्याने आधी पैसे मोजून घेतले आणि काम अर्धवट टाकून गेला.

राग त्याचा नाही आला. रात्री दोन वाजता अनोळखी माणसाशी आपण काय घासाघीस करणार? भीती वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. पाइपच्या जागी बाबांच्या छातीत दुखणं असतं, तरी मी अशीच शोधत बसले असते.

म्हणून एक मागणं आहे. माणसं आत्ता जोडून ठेवू या, काही बिघडलेलं नसताना.

माणूस कळतो तो छोट्या कामात. स्वयंपाकघरातला नळ महिनाभर गळतोय, त्यासाठी कुणाला तरी बोलवा. शेजारच्यांना, खालच्या मजल्यावर विचारा: "तुमच्याकडे कोण येतं? दुसऱ्यांदा बोलावलंत का त्याला?" दुसऱ्यांदा बोलावलं असेल तर ते नाव लिहून घ्या. तो आला की एवढंच बघा: सांगितलेल्या वेळेला आला का, नाही जमलं तर फोन केला का, खर्च काम सुरू करायच्या आधी सांगितला का, काढलेला जुना वायसर दाखवला का. आणि "हे माझं काम नाही, दुसऱ्याला विचारा" असं जो स्पष्ट सांगतो, त्याचा नंबर तर जपूनच ठेवा. जाता जाता त्याच्याकडून मेन व्हॉल्व्ह बंद करून बघा, आणि आई, तूही एकदा फिरवून बघ; वर्षानुवर्षं न हलवलेला व्हॉल्व्ह ऐन वेळी जाम होतो. इलेक्ट्रिशियनचंही तसंच. प्रत्येक कामाला दोन नावं हवीत, कारण पहिला नेमका तेव्हाच गावाला गेलेला असतो.

डॉक्टरांचं मात्र जरा सविस्तर लिहिते. बाबा, तुम्ही बरं वाटत नसलं तरच डॉक्टरकडे जाता. एकदा बरे असताना जा. तुमचं एरवीचं बीपी किती असतं, नाडी कशी असते, हे ज्यांना माहीत आहे त्यांनाच आजचं वेगळेपण चटकन कळतं. चांगल्या तब्येतीतला एक ईसीजी काढून त्याचा फोटो आम्हा सगळ्यांच्या फोनमध्ये ठेवू या; पुढे कधी छातीत दुखलं तर तुलनेला तो फार उपयोगी पडतो. डॉक्टरांना सरळ विचारा, "रात्री काही झालं तर तुम्हाला फोन करायचा की थेट हॉस्पिटलला जायचं?" आणि कुठल्या हॉस्पिटलला, तेही.

हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होऊन पक्षाघात झाला, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ते तास आपल्या लक्षात आल्यापासून नाही, माणूस शेवटचा ठीक दिसला तेव्हापासून मोजतात. त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना, ते बघावं लागतं. उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात. तेव्हा जवळचं हॉस्पिटल पुरेल असं नाही. रात्री सीटी सुरू असतो का आणि हे इंजेक्शन तिथे देतात का, हे आधी विचारून ठेवायला हवं. तोंड वाकडं झालं, हात खाली पडला, बोलणं अडखळलं, की घड्याळ बघा आणि अँब्युलन्स बोलवा. मला फोन नंतर.

आई, तुझी रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. तू पडलीस, डोक्याला मार लागला, तर वरून काही दिसलं नाही तरी तपासायलाच हवं, आणि तपासणाऱ्याला सगळ्यात आधी ही गोळी सांगायची. दाताच्या डॉक्टरांनाही सांगून ठेव. कुणाच्याही सांगण्यावरून ती आपल्या मनाने बंद मात्र करू नकोस.

आता बाबांना न आवडणारा विषय. एका वकिलांना भेटू या. मृत्युपत्र तर आहेच, पण आपल्याला स्वतःला बोलता आलं नाही तर उपचारांचा निर्णय कोणी घ्यायचा, बँकेचे व्यवहार कोणी बघायचे, हेही लिहून ठेवायचं असतं. साधं मुखत्यारपत्र कित्येक देशांत, देणाऱ्याची निर्णयक्षमता गेली की निरुपयोगी होतं. म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी. हे कागद माणूस धडधाकट असतानाच होतात. मला तुमच्या पैशांत काही बघायचं नाही, बाबा. तुमच्या मनात काय आहे ते मला तुमच्याच तोंडून ऐकायचं आहे.

आणि बँकेचा, गॅसचा, विम्याचा नंबर घाईत इंटरनेटवर शोधू नका. तिथे खोटे नंबर पेरलेले असतात. पासबुकावरचा, बिलावरचा, पॉलिसीवरचा नंबर आजच उतरवून घ्या.

आई, तुझ्या हिशेबाच्या वहीचं शेवटचं पान यासाठी ठेव. फोन बंद पडला तरी ते वाचता येतं. मोठ्या अक्षरात लिही, चष्मा सापडला नाही तरी दिसेल असं. एक किल्ली समोरच्या काकूंकडे दे.

मी पुढच्या महिन्यात येतेय, पण नळासाठी माझी वाट बघू नका. बाबा, उद्याच कुणाला तरी बोलवा, आणि तो किती वाजता आला ते मला रात्री फोनवर सांगा.

तुमची,
ताई